शुगर नाही, तरी शुगरची गोळी का?

तुमच्या वडिलांना मधुमेह नसताना हार्ट फेल्युअरसाठी (म्हणजे हृदयाचं रक्त पंप करणं कमी पडतं त्यासाठी) डापाग्लिफ्लोझिन दिलं, म्हणून घाबरू नका. ही गोळी मूळची शुगरचीच. पण 2019 च्या डापा-एचएफ अभ्यासात हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या, मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही तिचा फायदा दिसला. इथं कोल्हापुरात माझ्या आईला तीच चालू आहे. आधी सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा, चप्पल चढायची नाही. आता तालमीपर्यंत चालत जाते. (तांबडा रस्सा मात्र मिठामुळे जपूनच!) लघवीच्या रिपोर्टात साखर दिसेल, ती गोळीमुळेच. जुलाब-उलट्या, कडक उपवास किंवा ऑपरेशन असेल तर गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना आधी विचारा. लघवीच्या जागी खाज आली तर लाजून लपवू नका.