विषाणू जास्त अंगात गेला तर आजार जास्त बळावतो का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांची शुश्रूषा तुम्ही केलीत, भाऊ बाहेरच्या खोलीत होता. कोविड दोघांनाही झाला. तुम्हाला ऑक्सिजन लागला, त्याचं नुसत्या सर्दीवर भागलं. डॉक्टर म्हणाले, ‘तुमचा लोड जास्त होता, सीटी 17 आलाय.’ तर जास्त विषाणू गेला म्हणून आजार वाढला का?

आधी तो 17 बाजूला ठेवा. या आकड्याचे जेवढे हाल झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या आकड्याचे झाले असतील. आरटी-पीसीआर तपासणीत विषाणूचा अंश यंत्राला दिसेपर्यंत किती आवर्तनं लागली, एवढंच सीटी सांगतो; आकडा जितका लहान, तितका विषाणू (लोड) जास्त. दर आवर्तनाला अंश जवळपास दुप्पट होतो, म्हणून साधारण 3.3 चा फरक म्हणजे दहापट. पण ही मोजणी त्या दिवशी काडीला जे चिकटलं त्याची. काडी नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवून काढली तर आकडा वाढतो. आठव्या दिवशी स्वॅब घेतला तर वाढतो. ई जनुकाऐवजी एन जनुक मोजणारं किट वापरलं तरी हलतो. एप्रिल 2021 मध्ये पॉझिटिव्हची मर्यादा 24 वर आणावी का, असं महाराष्ट्राने विचारलं, तेव्हा आयसीएमआरने नकार दिला आणि 35 कायम ठेवली. 24 वर आणली असती तर संसर्ग पसरवणारे कितीतरी रुग्ण निगेटिव्ह म्हणून घरी गेले असते.

शिवाय अंगात किती शिरला हे सीटीवरून कळतच नाही. संध्याकाळचा गल्ला बघून सकाळी भांडवल किती होतं ते सांगण्यातला हा प्रकार आहे.

भांडवल खरंच मोजलेला प्रयोग आहे. 2021 मध्ये लंडनला इंपीरियल कॉलेजच्या चमूने 18 ते 29 वयाच्या, लस न घेतलेल्या, आधी कोविड न झालेल्या तरुणांच्या नाकात विषाणू सोडला. सगळ्यांना एकच मात्रा, 10 टीसीआयडी-50. प्रयोगशाळेत पेशी वाढवलेल्या निम्म्या खणांना लागण करेल तेवढा विषाणू म्हणजे 1, त्याच्या दहापट. नाकातल्या स्रावाच्या एका बारीक थेंबात मावेल इतका. 34 जणांपैकी 18 जणांना लागण झाली, 16 जणांना झालीच नाही. ज्यांना झाली त्यांच्यात विषाणूने पाचव्या दिवसाच्या आसपास शिखर गाठलं. नाकातला विषाणू आणि त्रास यांचा मेळ काही बसला नाही: ज्याचं नाक विषाणूने भरलेलं तोच जास्त आजारी, असं दिसलं नाही. न्यूमोनिया कुणालाच नाही. ‘लोड जास्त म्हणून आजार जास्त’ हे वाक्य बिनदिक्कत फेकणाऱ्यांनी हे 34 जण आधी समजून घ्यावेत.

असं का होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, विषाणू 12 तासांत दहापट होतो. 10 पासून सुरू झाला तर शंभर कोटींवर पोचायला 96 तास. 1000 पासून सुरू झाला तर 72. म्हणजे शंभरपट भांडवलाने फक्त एका दिवसाची आघाडी मिळाली; शिखर तेच, कारण ते लागण होण्याजोग्या पेशी किती आणि इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूला सुरुवातीलाच रोखणारं शरीराचं प्रथिन, किती लवकर जागं होतं यावर ठरतं. तो एक दिवस धडधाकट माणसाला भारी पडत नाही. इंटरफेरॉनच लुळं असेल तर पडतो. 2020 मध्ये जिवावर बेतलेल्या कोविड-न्यूमोनियाचे 987 रुग्ण तपासले, तेव्हा 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. त्यातले 95 पुरुष. तुमच्या-भावाच्या फरकाचं कारण वय, साखर, वजन, लस, असली प्रतिपिंडं यांत शोधा, पलंगापासूनच्या अंतरात नको. सेवा करणाऱ्यालाच ‘तू जवळ बसलास म्हणून’ सुनावणं मला तर दुष्टपणा वाटतो.

आता दुसरी बाजू, कारण डोसाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. लागण होईल की नाही, यावर त्याचा परिणाम नक्की होतो. अमेरिकेत 2009 च्या एच1एन1 फ्लूची (स्वाइन फ्लू) मात्रा स्वयंसेवकांना हजारपासून वाढवत नेली, तेव्हा एक कोटी टीसीआयडी-50 ला कुठे दोनतृतीयांश लोक नीट आजारी पडले. गोवरात तर तीव्रतेवरही होत असावा: पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाउमध्ये संशोधक पीटर आबी यांना दिसलं की बाहेरून गोवर घेऊन येणाऱ्या मुलापेक्षा त्याच्यापासून घरातच लागण झालेली मुलं जास्त दगावतात. कांजिण्यांतही घरातल्या दुसऱ्या मुलाला फोड जास्त येतात. देवीच्या टोचणीचा, म्हणजे लस येण्याआधी रुग्णाच्या फोडातला द्रव मुद्दाम कातडीत टोचण्याचा, दाखला मात्र देऊ नका. 1721 मध्ये बॉस्टनला टोचलेल्यांत शेकडा 2 च्या आसपास मेले, आपसूक देवी आलेल्यांत शेकडा 14, हे खरं. पण तिथे विषाणू श्वासाऐवजी कातडीतून गेला. वाटच बदलली, त्यामुळे श्रेय एकट्या मात्रेला देता येत नाही.

तेव्हा मास्क आणि हवा यांत कसूर नको, पण लागण टाळायला. ‘थोडा विषाणू गेला तर लसीसारखा उपयोग होईल’ या आशेने नव्हे. रुग्णाची खोली 3 × 4 × 3 मीटर, म्हणजे 36 घनमीटर. एक्झॉस्टच्या खोक्यावर ताशी 216 घनमीटर लिहिलं असेल तर हवा तासाला 6 वेळा बदलते, अर्थात दाराखालून ताजी हवा आत येत असेल तर. फट कापडाने बुजवली की पंखा नुसता गुरगुरतो. छतावरचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. आणि रुग्णाला खोलीतून हलवल्यावर 6 बदलांच्या हिशेबाने हवेतले 99 टक्के कण जायला 46 मिनिटं लागतात. चादरी बदलायच्या त्यानंतर, त्याही न झटकता गुंडाळून.