सिव्हिलमध्ये ट्रान्सपोर्टेशनचे मोड्स (रस्ता, रेल्वे, जलमार्ग, विमान) नुसते पाठच करायचे असतात का? नीट समजून कसा अभ्यास करायचा?

तुम्ही म्हणताय फायदे-तोटे पाठ करून करून डोक्यात राहत नाहीत आणि हा विषय स्ट्रक्चरसारखा खरा इंजिनिअरिंगचा वाटत नाही. मी पुढे मास्टर्सला हाच विषय घेतला आणि मला तो मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो फायदे-तोट्यांचा तक्ता बाजूला ठेवा, कारण तो तुम्हाला स्वतःलाच काढता येतो. प्रत्येक मोडला दोन गोष्टी विचारायच्या, चालताना विरोध किती होतो आणि माल किंवा माणसं चढवाय-उतरवायला काय लागतं.

रेल्वेचंच घ्या. पोलादी चाक पोलादी रुळावर, सपाटीला एक टन ओढायला साधारण १-२ किलोचा जोर पुरतो, रबरी टायरला चांगल्या रस्त्यावरही १० च्या आसपास लागतो, म्हणून लांबवर जड माल न्यायला रेल्वे परवडते. आता १०० ला १ चा चढ द्या. चढामुळे येणारा विरोध दोघांनाही सारखाच, टनाला १० किलो. म्हणजे ट्रकचा विरोध दुप्पट झाला, पण रेल्वेचा सहा ते अकरा पट! म्हणून रेल्वेला सौम्य चढ लागतो, म्हणून कटिंग, भराव, बोगदे, आणि म्हणूनच सुरुवातीचा खर्च एवढा. त्यात पोलादाची पकडही कमी, त्यामुळे वेगातली गाडी ड्रायव्हरला समोर दिसतं तेवढ्या अंतरात थांबतच नाही, मग ब्लॉक (रुळाचा असा तुकडा ज्यात एका वेळी एकच गाडी सोडतात) आणि सिग्नल आले. तक्त्यातले चार-पाच मुद्दे एका चाकातून निघाले की नाही?

विमान आणि जहाज याच पद्धतीने स्वतः करून बघा, मी इथे करत नाही.

दुसरा, चढवण्या-उतरवण्याचा प्रश्न विद्यार्थी सोडूनच देतात आणि माझ्या मते खरी सिस्टिम तिथेच असते. १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्याने आयडियल-एक्स जहाजावर ५८ कंटेनर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेले. जहाज काही जोरात पळालं नाही, ते जुनंच टँकर होतं. बदललं ते बंदरातलं काम, सुट्या पेट्या-पोती हाताने चढवण्यात जहाजं दिवसेंदिवस अडकून पडायची ते संपलं आणि तोच डबा ट्रक, रेल्वे, जहाज सगळ्यांवर चालायला लागला. त्यामुळे टर्मिनल आणि इंटरमोडलचा (एकच माल एका मोडवरून दुसऱ्यावर नेण्याचा) चॅप्टर मार्कांना कमी असला तरी सोडू नका प्लीज.

तिसरं म्हणजे कॅपॅसिटी, आणि हे वहीवर आकडे मांडूनच करा. एका लेनमधून तासाला ढोबळमानाने २००० कार जातात, कारमध्ये सरासरी दीड माणूस धरला तर ३००० माणसं. १००० माणसांची मेट्रो दर दोन मिनिटांनी सोडली तर एका ट्रॅकवरून तासाला ३०,०००. पण तेवढी माणसं त्या वेळी त्या मार्गावर जाणारी असली तरच, नाहीतर मेट्रो रिकामी पळणार आणि तिथे बसच बरोबर. मोड चांगला-वाईट नसतो, मागणी किती आणि कुठून कुठे आहे ते बघून ठरवायचं असतं, म्हणून मग ओरिजिन-डेस्टिनेशन सर्व्हे शिकवतात.

एवढं झालं की ट्रॅफिक फ्लो उघडा. ग्रीनशील्ड्स या अमेरिकन ट्रॅफिक इंजिनिअरने १९३५ मध्ये मांडलेलं साधं मॉडेल, गाड्यांची दाटी वाढली की वेग सरळ रेषेत कमी होतो, बस एवढंच. आता वेग गुणिले दाटी म्हणजे फ्लो, त्याचं डिफरन्शिएशन करून मॅक्सिमम काढा. मोकळ्या रस्त्यावरच्या वेगाच्या बरोबर निम्म्या वेगाला सगळ्यात जास्त गाड्या जातात असं उत्तर येतं. ते डेरिव्हेशन पुस्तकात न बघता एकदा स्वतः करा, मग लेव्हल ऑफ सर्व्हिसच्या (रस्त्यावर वाहतूक किती मोकळी चालते त्याच्या) ए ते एफ पायऱ्या वाचा, त्या पाठ कराव्या लागणार नाहीत.