साखळी इम्पोर्टेड होती, मग जबाबदार कोण?

तुमचं पत्र वाचलं. प्रकरण थोडक्यात असं, की तुमचं इंजिन दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप, स्वतः काम करता आणि सोबत एक हेल्पर. चेन पुली ब्लॉकला (जड वस्तू उचलायच्या साखळी-कप्पीला) लावायला 10 मिमीची इम्पोर्टेड साखळी आणि एक डी-शॅकल (पिनने बंद होणारी जोडकडी) घेतलं, टॅगवर नुसतं '2 टन', कंपनीचं नाव कुठेच नाही. गिऱ्हाइकाचं साधारण 600 किलोचं इंजिन उचलताना साखळीची एक कडी उघडली, इंजिन खाली येऊन फुटलं आणि हेल्परच्या पायाचं हाड मोडलं. दुकानदार म्हणतो बाहेरचा माल आहे, गॅरंटी नसते, बिलावर लिहिलंय. गिऱ्हाईक भरपाई मागतंय. आणि तुम्ही विचारताय, स्वस्तातलं घेतलं म्हणजे चूक आपलीच ना?

नाही. स्वस्त घेणं म्हणजे हलगर्जीपणा असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. इम्पोर्टेड म्हणजे भंगार असंही नाही, बाहेरून उत्तम साखळ्या येतात आणि टाकाऊ कुठेही बनतात. ग्राहक आयोगापुढे मुद्दा एवढाच असतो की वस्तूवर काय लिहून ती विकली आणि त्या लिहिण्याला जबाबदार धरता येईल असा माणूस हाताशी आहे का.

आता त्या '2 टन'कडे बघू, कारण तुमची केस तिथेच आहे. हा आकडा सुरक्षित भाराचा की तुटण्याचा, हे टॅगवर नाही, आणि स्वस्त मालात ही मखलाशी नेहमीची. उचलायच्या कामाला किमान ग्रेड 80 ची (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) ॲलॉय स्टीलची साखळी लागते, 10 मिमीला तिचा सुरक्षित भार 3.15 टन आणि तुटण्याचा भार त्याच्या चौपट धरलेला असतो, शिवाय ठराविक अंतरावर कडीवरच 8, 80 किंवा T असा शिक्का असतो. तुमच्या साखळीवर तो आहे का ते आधी बघा. नसेल तर ती बहुधा ग्रेड 30 ची, बांधाबांधीची साधी साखळी, जी माणूस खाली उभा असताना उचलायला वापरायचीच नसते. पण गंमत अशी की 10 मिमीची ग्रेड 30 पण हिशेबाने पावणेपाच टनांच्या आसपास तुटते! म्हणजे अगदी साधी असली तरी 600 किलोला उघडायला नको होती. इंजिन साखळीच्या दोन पायांनी (हुकापासून खाली येणाऱ्या दोन फाट्यांनी) बांधून ते पाय उभ्या रेषेपासून 60 अंशापर्यंत फाकवले असते तरी एकेका पायावर पूर्ण 600 किलोच आले असते, जास्त नाही. मग एकतर कडीचं वेल्डिंग कच्चं होतं, किंवा स्टीलच ठिसूळ होतं, किंवा जोरात झटका बसला. पहिल्या दोन गोष्टी दुकानदाराच्या गळ्यात आहेत, तिसरी तो तुमच्या गळ्यात घालणार, म्हणून उचलताना नेमकं काय झालं ते आत्ताच, आठवतंय तोवर, लिहून काढा आणि हेल्परकडूनही वेगळं लिहून घ्या.

तुम्ही लिहिलंय साखळी चकाचक झिंकची होती. जास्त ताकदीच्या स्टीलला इलेक्ट्रोप्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो आणि नंतर भट्टीत नीट तापवून तो काढला नाही तर माल वरून नवाकोरा दिसतो पण काही दिवसांनी भाराखाली अचानक तडकतो. तुमच्यात तसंच झालं असं मी म्हणत नाही, ते लॅब सांगेल. त्यासाठी तुटलेली कडी जपा. दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघू नका, तारेचा ब्रश मारू नका, तेल लावू नका, कोरड्या प्लास्टिकमध्ये वेगवेगळे ठेवा, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा. आणि दुकानदार "द्या, कंपनीला दाखवतो" म्हणाला तर अजिबात हातात देऊ नका, असा गेलेला पुरावा परत येत नाही. स्वतः कापून टेस्टिंगलाही देऊ नका, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 खाली आयोग स्वतः नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो आणि त्या रिपोर्टचं वजन वेगळंच असतं.

दुकानदाराचं "बाहेरचा माल" हे वाक्य त्याला वाचवत नाही, उलट अडकवतं. याच कायद्याच्या कलम 86 मध्ये आहे की उत्पादक कोण ते कळत नसेल, किंवा कळूनही त्याला नोटीस बजावता येत नसेल, तो भारताच्या कायद्याखाली येत नसेल, तर विकणारा जबाबदार. विकणाऱ्याच्या व्याख्येत आयात करणाराही येतो. म्हणजे पाकिटावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता असेल (आयात केलेल्या पॅक मालावर तो असायलाच हवा) तर त्यालाही पार्टी करा, पाकीट टाकून दिलं असेल तर कचऱ्यातून शोधा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या ओळीला सदोष मालाबाबत काडीचा अर्थ नाही, खराब माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली जाते.

समोरचा वकील म्हणेल धंद्यासाठी घेतलं, हे ग्राहकच नाहीत. घाबरू नका. स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'त येत नाही, आणि मदतीला एक-दोन माणसं असली म्हणून माणूस ग्राहक राहत नाही असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सांगितलंय. फक्त बुडालेला धंदा प्रॉडक्ट लायबिलिटीत (सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या दाव्यात) मागता येत नाही, त्याला दिवाणी कोर्ट आणि 1930 चा माल विक्री कायदा.

आता ती गोष्ट जी तुम्ही शेवटी कंसात लिहिलीत, शॅकलची पिन हरवली होती म्हणून साधा बोल्ट घातला होता. हे लपवू नका, मी तुमचा वकील असतो तर पहिल्या पानावर लिहिलं असतं. वस्तूत बदल केला असेल तर कलम 87 खाली विकणारा सुटू शकतो आणि ते हे उकरून काढणारच. पण बोल्ट शाबूत आहे, तुटली ती साखळीची कडी. तो बोल्ट पण जपा, त्याच्या डोक्यावर 8.8 वगैरे ताकदीचा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण आहे का बघा. (तुमच्याकडच्या बाकी बोल्टवर पण बघा, अमेरिकेत खोट्या ग्रेडच्या बोल्टांचा इतका सुळसुळाट झाला होता की 1990 मध्ये त्यावर वेगळा कायदाच करावा लागला.)

हेल्परचं मात्र थांबवून ठेवू नका. कामावर दुखापत झाली तर मालक म्हणून भरपाई तुमच्याकडून, साखळी कोणाची हा वाद त्याच्या आड येत नाही. उपचाराचा खर्च करा, प्रत्येक पावती ठेवा, ती रक्कम तुमच्या दाव्यात मागा. गिऱ्हाइकाचं इंजिन तुमच्या ताब्यात होतं, करार कायद्याच्या कलम 151 प्रमाणे शहाण्या माणसाने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हा प्रश्न येईल, आणि तिथे तो बोल्ट जरा आडवा येईल हे खरं. शक्य असेल तर त्याच्याशी लेखी तडजोड करा, भांडू नका.

दुकानदाराला आणि इम्पोर्टरला स्पीड पोस्टाने नोटीस, 15 दिवसांची मुदत, मग तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार. कायद्याने घटनेपासून दोन वर्षं मिळतात पण हेल्परची आठवण आणि दुकानदाराचा स्टॉक तेवढे थांबणार नाहीत. मधल्या काळात दुकानदार नवीन साखळी देऊन "तक्रार मिटली" असं काही सहीला पुढे करेल, साखळी घेतली तरी सही करू नका, आणि ती साखळी वजन उचलायला तर वापरू नकाच.