कामासाठी धुळ्याला येतोय. तिथून जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरजवळच्या कॉलेजच्या जुन्या मित्राकडे जायचंय. रेल्वे बरी की एसटीने गावं बघत जावं? एका दिवसात जाऊन येणं होईल का?

एका दिवसात होईल, पण करू नका. धुळ्यातलं काम आटोपून कॉलेजच्या मित्राला एवढ्या वर्षांनी भेटायला चाललात, तर रात्रीचा मुक्काम धरूनच निघा. का ते पुढे सांगतो.

आधी रेल्वेचं. धुळ्याची गाडी जाते चाळीसगावला. तुम्हाला जायचंय ईशान्येला आणि ती तुम्हाला नेणार दक्षिणेला. मग मेन लाइनने भुसावळ आणि तिथून पुन्हा बस आहेच. घाई असेल तर सरळ पारोळा, एरंडोल करत हायवेने जळगाव गाठा आणि तिथून फैजपूरची गाडी धरा. पण हायवेवर बघायला दुभाजक आणि ढाबे. माझं ऐकाल तर अमळनेर, चोपडा, यावल या वाटेने जा. गाड्या बदलाव्या लागतात, वेळ जास्त जातो, पण ज्या मुलखात मित्र राहतो तो मुलूख तरी दिसतो.

मंगळवार टाळा. अमळनेरच्या मंगळ ग्रह मंदिराला त्या दिवशी एवढी गर्दी असते की गाडीत उभं राहायलाही जागा मिळाली तर नशीब. इतर दिवशी शेजारी अमळनेरकर बसला, तर विप्रो कंपनी १९४५ साली त्याच्या गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली हे तो न विचारता सांगेल. कोणाच्या आजोबांनी शेअर वेळेआधी विकून टाकले तेही सांगेल. साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, हा विषय त्यानंतर निघतो.

अमळनेर सोडलं की कपाशी, ज्वारी, बाभळी. मग तापीचा पूल लागतो आणि थोड्याच वेळात शेतं बदलायला लागतात. चोपड्यापासून पुढे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागलात की केळीच केळी. काळी गाळाची जमीन, विहिरींचं पाणी आणि ठिबक यांच्यावर हे सगळं उभं आहे. या टप्प्यात ड्रायव्हरच्या उलट्या बाजूची, म्हणजे डावीकडची खिडकी धरा. सातपुडा यावलपर्यंत त्याच बाजूला चालतो आणि हिवाळ्यात ऊनही तिकडून येत नाही. अडावदला उतरून उनपदेवचे गरम पाण्याचे झरे बघता येतात, पण एकाच दिवसात सगळं कोंबू नका. मे महिन्यात तर ही वाट सुचवणारच नाही. पारा पंचेचाळिशीजवळ गेला की खिडकीतून वारा येत नाही, झळ येते.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास एवढ्याशा प्रवासाला परवडत नाही, साधी तिकिटं काढा. सोबत पत्नी असतील तर त्यांना अर्धं तिकीट आहे. फलकावरच्या वेळेपेक्षा कंट्रोलरच्या खिडकीत विचारलेली वेळ खरी.

आता मुक्कामाचं. मित्राला फोन करून एकच विचारा: तुमच्या गावाला मुक्कामी गाडी येते का? संध्याकाळी आगारातून निघायचं, शेवटच्या गावात रात्र काढायची आणि सकाळी शाळा-कॉलेजची पोरं घेऊन परत यायचं, हे तिचं काम. तिने गेलात की सकाळपर्यंत परतीचा प्रश्नच मिटला. तुमचाही आणि त्याचाही.

माझा असाच एक मित्र यावल तालुक्यात आहे. पूर्वी मी दुपारचा जायचो. पोहे, चहा, पोरांचं शिक्षण, केळीचा भाव, की लगेच ‘चला निघतो, गाडी चुकेल’. त्याची आई म्हणायची, ‘‘भाऊ, तू येतो का घड्याळ येतं?’’ मग एका डिसेंबरात मुक्कामी गाडीने गेलो. जेवायला भरीत होतं. तुरकाठ्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी-पांढुरकी वांगी, ठेचलेली मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही. पण मानांकनाचं भरीत हॉटेलात मिळतं, हे नाही. तेव्हा हिवाळा साधा.

त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. दहा वाजता तो बॅटरी घेऊन उठला, मीही मागे निघालो. मोटर सुरू केली, ठिबकचे कॉक फिरवले आणि आम्ही बांधावर बसलो. दिवसा कधी न निघालेले विषय तिथे निघाले. भावाशी वाटणीवरून धरलेला अबोला, नोकरी न केल्याची त्याची खंत, माझी नोकरी केल्याची. मधेच म्हणाला, ‘‘तुझं अकाउंटचं पुस्तक अजून आहे माझ्याकडे. बायको त्यात केळीच्या पावत्या ठेवते.’’ मी म्हटलं, ‘‘परत दे.’’ म्हणाला, ‘‘पावत्या कुठे ठेवू मग?’’

दुसऱ्या दिवशी मित्र फैजपूर दाखवायला नेईलच. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन तिथे भरलं होतं. खेड्यात भरलेलं ते पहिलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्याचा अभिमान अजून ताजा आहे, तेव्हा ‘हो, माहितीये’ म्हणून विषय तोडू नका.

नेताना पुण्याची बाकरवडी न्या, त्याच्या पोरांसाठी एखादं पुस्तक न्या. केळी तेवढी नेऊ नका, माझ्या ओळखीच्या एकाने नेली होती. परतीचं रिझर्वेशन भुसावळहून काढा, तेही रात्रीच्या गाडीचं. सकाळची गाडी धरलीत तर जेवल्याशिवाय सोडणार नाहीत आणि तिकीट वाया जाईल.