आहार-सल्ला : वजन उतरवताना दिवसाला किती कॅलरी घ्याव्यात?

प्रश्न : माझे वय ४२, उंची १५६ सेंटिमीटर आणि आजचे वजन ७० किलो आहे. मी फोंड्याला एका कार्यालयात बैठे काम करते. घरचा स्वयंपाक आणि इतर कामेही मीच करते. वजन ७४ किलो झाले तेव्हा मोबाइलमधल्या एका अ‍ॅपने मला दिवसाला १,२०० कॅलरींची मर्यादा घालून दिली. पहिल्या दोन महिन्यांत चार किलो उतरले, पण गेला दीड महिना काटा जागचा हलत नाही. दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, केस फार गळतात आणि आठवडाभर मन मारून राहिल्यावर रविवारी जेवणावर ताबा राहत नाही. माझी नणंद १,००० कॅलरींवर राहून बारीक झाली, तेव्हा मीही तसेच करावे, असे ती म्हणते. मी नेमका कोणता आकडा धरावा?
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : १,००० वर उतरू नका, हे सर्वांत आधी सांगते. तुमच्यासाठी १,२०० हा आकडाही कमीच आहे, आणि तो कमी का आहे हे तुमच्याच मापांवरून पाहता येते.

अंथरुणावर नुसते पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम चालू राहण्यासाठी शरीराला जी ऊर्जा लागते, तिचा अंदाज बांधण्यासाठी १९९० मध्ये मांडलेले मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र आज सर्वत्र वापरले जाते. स्त्रियांसाठी किलोतील वजनाला १० ने गुणायचे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून त्यात मिळवायचे, त्यातून वयाची पाचपट वजा करायची आणि शेवटी आणखी १६१ वजा करायचे. तुमच्या बाबतीत हा आकडा सुमारे १,३०० येतो. बैठ्या दिनक्रमासाठी त्याला १.२ ने आणि थोड्या हालचालीच्या दिनक्रमासाठी १.३७५ ने गुणतात. कार्यालयातील खुर्ची आणि घरची कामे दोन्ही जमेस धरली, तर तुमची रोजची गरज १,७०० च्या आसपास असावी. यात शे-दीडशेचा फरक पडू शकतो, कारण सूत्र सरासरीवर बेतलेले असते. तरीही एक गोष्ट उघड आहे : अ‍ॅपने तुम्हाला नुसत्या श्वासोच्छ्वासापुरत्या ऊर्जेपेक्षाही कमी खायला सांगितले आणि वर दिवसभर राबायला लावले. एवढ्या कमी अन्नात लोह, कॅल्शियम आणि प्रथिने पुरेशी बसवणे फार कठीण जाते, चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि केसगळती बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसू लागते. पाळी अनियमित होणे आणि वजन फार झपाट्याने उतरल्यास पित्ताशयात खडे होणे, हे धोकेही आहेतच. तुमच्या नणंदेची उंची, वय, मूळ वजन मला ठाऊक नाही. पण त्यांना आलेला गुण तुम्हाला लागू पडेल, असे मानायला काहीच आधार नाही.

मग एवढे कमी खाऊनही काटा का हलत नाही? याचे उत्तर बहुतेक तुमच्या रविवारात आणि स्वयंपाकघरात आहे. सोमवार ते शनिवार १,२०० आणि रविवारी शागोती-वडे, वर काही गोड असे धरून २,६०० कॅलरी झाल्या, तर आठवड्याची सरासरी रोज १,४०० पडते. म्हणजे सहा दिवसांची उपासमार सोसूनही हाती १,४०० च लागतात. तेच १,४०० सातही दिवस सुखाने खाता आले असते. त्यात मोजणीतून निसटलेल्या कॅलरी मिळवल्या की आकडा गरजेच्या अगदी जवळ जातो.

हे निसटणे आपल्या गोव्याच्या जेवणात फार सहज घडते. अ‍ॅपमध्ये ‘फिश करी, एक वाटी’ असे लिहिले की काहीतरी आकडा समोर येतो, पण तो कोणाच्या घरच्या हुमणाचा हे कळायला मार्ग नसतो. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी असतात. चौघांच्या हुमणासाठी अर्धा नारळ खवला आणि तो १५० ग्रॅम भरला, तर एकट्या नारळाच्या ५३० च्या आसपास कॅलरी होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १३० येतात. वाटण गाळून रस तेवढा घेतला तर थोड्या कमी. खोबरेल तेलाचा मोठा चमचा १२० कॅलरींचा, आणि बांगडे रव्यात घोळवून तळताना तव्यावर किती चमचे पडले हे सहसा कोणीच पाहत नाही. भाताचेही तसेच : शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये १३० च्या आसपास कॅलरी असतात, तर कच्च्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये ३५० च्या आसपास, नोंद करताना कच्चे आणि शिजलेले यांची गल्लत झाली की दिवसाचा सगळा हिशेबच कोलमडतो. पोई, म्हणजे आपला कोंड्याचा पाव, कोंड्यामुळे हलकी, असाही एक समज आहे. पोईत तंतू जास्त असतात हे खरे, पण वजनाला वजन धरले तर साध्या पावाच्या आणि तिच्या कॅलरींत फारसे अंतर नसते. नारळ सोडा, भात सोडा, असे मी अजिबात सांगणार नाही. फक्त दोन आठवडे नारळ खवल्यावर आणि तेल ओतण्याआधी मोजून पाहा. एवढ्यात तुमच्या हाताला अंदाज येईल.

तुम्ही आता १,४०० कॅलरी धराव्यात, रविवारसह सातही दिवस, आणि मोजणी प्रामाणिक ठेवावी. गरजेपेक्षा रोज ३०० कमी घेतल्या तर महिन्याला साधारण एक किलो उतरते. हा वेग मंद वाटेल, पण तो पेलवतो. दर आठवड्याला अर्धा किलो उतरवायचा तर रोज ५०० कमी कराव्या लागतात; उंच, भारी वजनाच्या किंवा शेतात राबणाऱ्या स्त्रीला ते जमते, तुम्हाला ते पुन्हा १,२०० वर नेऊन ठेवील. त्या १,४०० मध्ये प्रथिनांकडे विशेष लक्ष द्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून तुम्ही ६० ते ७० ग्रॅमपर्यंत जावे, असे माझे मत आहे. एका मध्यम बांगड्यातून १८ ते २० ग्रॅम मिळतात. सोमवारी किंवा श्रावणात मासे नसतील तेव्हा चवळीचे तोंडाक, मुगाची उसळ, दही यांची वाटी मोठी करा आणि भाताची थोडी लहान.

वजन रोज पाहून जीव टांगणीला लावू नका. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून एक-दोन किलो सहज वाढतात, म्हणून या महिन्याच्या वजनाची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी करावी. चार आठवड्यांनी उतार दिसला नाही, तर आणखी १०० कॅलरी कमी करा किंवा रोज अर्धा तास चालणे वाढवा. मी दुसरा मार्ग निवडेन. याच्या आधी मात्र हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या, कारण थकवा आणि केसगळती या दोन्हींमागे तीही कारणे असू शकतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात तुम्ही ओझरती सांगून पुढे गेलात. मूळ वजनाच्या ५ टक्के वजन उतरले तरी रक्तदाब आणि साखर सुधारण्यास मदत होते. ७४ किलोचे ५ टक्के म्हणजे ३.७ किलो, तेवढे तुम्ही केव्हाच उतरवले आहे.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचे आहे आणि अंगावर पिते. गरोदरपणात वाढलेले वजन उतरवण्यासाठी १,२०० कॅलरींचा आहार चालेल का?
— डिचोली

उत्तर : चालणार नाही. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला नेहमीच्या गरजेपेक्षा रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, अशी वर उल्लेख केलेल्या परिषदेची शिफारस आहे. त्यातील काही भाग अंगावरच्या चरबीतून भागतो, म्हणूनच नीट जेवूनही वजन हळूहळू उतरू शकते. सध्या मोजणी बाजूला ठेवा. बाळंतिणीची म्हणून दिवसातून अनेकदा आग्रहाने वाढली जाणारी तूप-गुळाची पक्वान्ने मात्र आवरती घेता येतील; नाचणीची तिझान (गोड पेज) सकाळी घेतली तर पुन्हा संध्याकाळी लाडूची गरज नाही. बाळ वरचे अन्न नीट खाऊ लागल्यावर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : वय ६३. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. वजन कमी करायला सांगितले आहे म्हणून रात्रीचे जेवण बंद केले, तर आता पहाटे घाम येतो आणि हात थरथरतात.
— मडगाव

उत्तर : रात्रीचे जेवण आजपासूनच पुन्हा सुरू करा आणि उद्याच तुमच्या डॉक्टरांना भेटा. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न नसताना त्यामुळे साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. या गोळीवर असताना कॅलरी कमी करायच्या असतील, तर मात्रा किती ठेवायची हे डॉक्टरांनी आधी ठरवायला हवे. स्वतःच्या मनाने जेवणही कमी करू नये आणि गोळीही. तोवर पुन्हा थरथर किंवा घाम आला, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, १५ मिनिटांनी साखर तपासा आणि ती अजून कमी असल्यास तेवढीच पुन्हा घ्या. घरातल्या माणसांनाही हे सांगून ठेवा, आणि शुद्ध हरपत असल्यास तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगा.