'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी पहिली प्रत घ्यावी की नवी रीइश्यू?

तुम्ही लिहिलंय की जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा १९५९चा अल्बम एलपीवर पहिल्यांदाच घ्यायचाय, एक विक्रेता कोलंबिया कंपनीच्या सहा डोळ्यांच्या लेबलची (लेबलवर डोळ्यासारखी सहा चिन्हं, म्हणजे सुरुवातीच्या काळातली) जुनी प्रत दाखवतोय आणि तिचे भलतेच पैसे मागतोय. ती घ्यावी का, की हल्लीची रीइश्यू, म्हणजे नव्याने काढलेली प्रत, चालेल? शिवाय मोनो (सगळा आवाज एकत्र) की स्टीरिओ (डावा-उजवा वेगळा)?

नवी घ्या. ऐकायला म्हणून जुनी अजिबात घेऊ नका. तिची पहिली बाजू चढ्या सुरात वाजते. हे मी कुठे वाचून सांगत नाही, त्या चढ्या सुरापायी मी चौदा वर्षं 'कच्च्या कानाचा' म्हणून काढली आहेत.

आम्ही गिरगावातले. दादा मर्चंट नेव्हीत होता. १९८४ साली त्याने अमेरिकेतल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून ही एलपी आणली, कव्हरचा एक कोपरा दुमडलेला, बाकी उत्तम. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, धोबीतलावला एका गोवेकर सरांकडे ट्रम्पेट शिकत होतो. सरांची हयात सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेलेली. ते म्हणाले, "ही प्लेट मिळालीय ना, मग आता दुसरं काही ऐकू नकोस. हिच्याबरोबर वाजव."

मी वाजवायला लागलो. पहिलीच चीज 'सो व्हॉट'. पॉल चेंबर्सचा बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) एक वाक्य टाकतो आणि बाकीचे वादक दोन कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या दोन गुच्छांत, उत्तर देतात, मग माइल्सचा सोलो. तो मी सुरासूर पाठ केला. पण रेकॉर्डबरोबर वाजवताना माझा ट्रम्पेट सतत खाली राहायचा. दोन सूर अगदी जवळ असले आणि तरी जुळले नाहीत की मधे एक थरथर उठते, ती मला स्पष्ट ऐकू यायची. ट्रम्पेटची मोठी स्लाइड, म्हणजे सूर लावायची सरकती नळी, एरवी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी बाहेर असते. ती मी आत ढकलत गेलो, शेवटी पार टेकवली. तेव्हा कुठे थरथर थांबली. महिनोन् महिने मी तसाच रियाझ केला आणि माझ्या ओठांना तोच सूर खरा वाटायला लागला.

मग एका जिमखान्याच्या हॉलमध्ये आमच्या ग्रुपचा कार्यक्रम ठरला. पियानो होता. मी सवयीने स्लाइड टेकवून उभा राहिलो आणि पहिल्या आठ मात्रांतच पियानोवाल्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला काय चुकतंय तेच कळेना. बासचा तुकडा चालू असताना सर विंगेतून आले आणि लोकांसमोर, स्वतःच्या हाताने, माझी स्लाइड बाहेर ओढून गेले. पुढच्या कार्यक्रमाला माझ्या जागी दुसरा मुलगा होता. दादा त्या दिवशी पहिल्या रांगेत होता. घरी येऊन तो जेवताना म्हणाला, "मेहनत आहे रे त्याची, पण कान कच्चा आहे." ते वाक्य घरात रुजलं. आई पाहुण्यांना सांगायची, वाजवतो छान, कान तेवढा कच्चा आहे हो.

मी त्या रात्री एक केलं होतं. सरांनी स्लाइड जिथवर ओढली होती तिथे बहिणीच्या नेलपेंटने बारीक ठिपका दिला होता. दुसऱ्या दिवशी ठिपक्यावर स्लाइड ठेवून अण्णांच्या पेटीशी ट्रम्पेट लावला. तंतोतंत जुळला. रेकॉर्ड लावली, नाही जुळला.

अण्णा भजनी मंडळात पेटीची साथ करायचे. त्यांना जॅझचं काही माहीत नव्हतं, पण पट्टी ओळखायला जॅझ कशाला लागतो? मी 'सो व्हॉट' लावलं. त्यांनी एका बोटाने शोधत शोधत सांगितलं, "काफीच्या वळणाचं आहे. पण सा पांढरी दोनच्या वर आहे आणि काळी दोनला पोचत नाही." म्हणजे पेटीच्या लागोपाठच्या दोन सुरांच्या मधेच कुठेतरी. काफी त्यांनी बरोबर ओळखला होता. ही चीज ज्या डोरियन स्वरावलीत आहे तिचे सूर काफी थाटाचेच. बारमध्ये (चार-चार मात्रांच्या गटांत) मोजायचं तर सोळा बार पांढरी दोनवर, मग आठ बार अख्खं प्रकरण काळी दोनवर सरकतं आणि शेवटचे आठ परत खाली. म्हणजे चेंबर्सचा बास स्वच्छ पांढरी दोनवर यायला हवा होता.

दादा म्हणाला, पेटी उतरलीय. मी रेकॉर्ड उलटी केली, 'ऑल ब्लूज' लावलं. अण्णांनी पांढरी पाच दाबली आणि बोट तिथेच ठेवलं. जराही फरक नाही. ठिपक्यावरचा ट्रम्पेटही जुळला. दादा म्हणाला, मग प्लेअरचा बेल्ट. मी म्हटलं, अरे बेल्ट दोन्ही बाजूंना एकच आहे ना? प्लेअर वेगाने फिरत असेल तर दुसरी बाजूही चढायला हवी. यावर त्याचं उत्तर मला आजही शब्दशः आठवतं: "कोलंबियासारखी कंपनी पंचवीस वर्षं चुकीची प्लेट विकेल, आणि ते गिरगावातल्या तुला कळेल?"

हो. तसंच झालं होतं.

हा अल्बम न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत झाला, मूळचं ते चर्च. दोनच दिवस लागले, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या दिवशी पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा झाल्या: 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर', 'ब्लू इन ग्रीन'. 'फ्रेडी'ला पियानोवर विंटन केली, बाकी सगळीकडे बिल एव्हान्स. दुसऱ्या दिवशी 'ऑल ब्लूज' आणि 'फ्लमेंको स्केचेस'. टेपची दोन मशीन एकाच वेळी चालायची, एक मुख्य आणि एक जपून ठेवायच्या टेपसाठी. २ मार्चला मुख्य मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर घेतलेली टेप बरोबर वेगाच्या मशीनवर लावली की ती पळते, सूर चढतो आणि लयही तेवढीच घाई करते. एप्रिलपर्यंत तो दोष राहिला नव्हता. म्हणून पहिली बाजू चढी आणि दुसरी बरोबर. अण्णांच्या बोटाने १९८४ साली हेच सांगितलं होतं.

तीसेक वर्षं जगभर तीच चढी बाजू विकली गेली. नव्वदच्या दशकात सोनीच्या (कोलंबियाच्या नव्या मालकांच्या) लोकांनी जपून ठेवलेल्या दुसऱ्या टेपवरून ती दुरुस्त केली. १९९७ सालची आवृत्ती मूळ तीन ट्रॅकच्या टेपवरून नव्याने मिक्स केलेली आहे आणि तिच्यात 'फ्लमेंको स्केचेस'चा आधीचा टेकही आहे. मी ती सीडी १९९८ मध्ये घेतली. घरी येऊन पहिल्यांदा पेटी काढली. अण्णा तोवर थकले होते, भाता मीच मारला. 'सो व्हॉट'चा बास आला आणि अण्णांनी ठेवलेल्या बोटाखाली पांढरी दोन नुसती मिसळून गेली, वेगळी ऐकूच येईना. ट्रम्पेटची स्लाइड ठिपक्यावर. सगळं एका रेषेत. मला रडू आलं हे सांगायला मला संकोच नाही. सर १९९४ साली गेले होते, त्यांना हे सांगता आलं नाही, त्याची रुखरुख अजून आहे.

दादाला फोन केला. वाटलं, आता तरी म्हणेल. तो म्हणाला, "नव्या लोकांनी ट्यून खाली ओढलीय. ओरिजिनल ते ओरिजिनल." आणि तुमचा तो विक्रेता तुम्हाला नेमकं हेच वाक्य विकतोय, म्हणून मी इतकं लिहायला बसलो.

ओरिजिनल म्हणजे काय? माझ्या मते माइल्स, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, एव्हान्स, चेंबर्स आणि ड्रमवर जिमी कॉब यांनी त्या चर्चच्या खोलीत जे वाजवलं आणि एकमेकांचं ऐकलं, ते ओरिजिनल. पियानो तिथे होता, त्याची पट्टी ठरलेली होती. कारखान्यातून पहिल्यांदा जी तबकडी बाहेर पडली ती त्याची एक नक्कल, आणि सदोष नक्कल. पहिल्या प्रतींवर तर दुसऱ्या बाजूच्या दोन चिजांच्या नावांचीही अदलाबदल छापली गेली होती. ते कुणी पवित्र मानतं का? नावं दुरुस्त केली ते सगळ्यांना चाललं, मग सूर दुरुस्त केला तर 'बिघडवलं' कसं? किमतीचा आणि सुराचा काही संबंध नाही. जुनी प्रत संग्रहासाठी घ्या, गुंतवणूक म्हणून घ्या, कपाटात ठेवा, माझी तक्रार नाही. ऐकण्यासाठी आणि विशेषतः वाद्य घेऊन बरोबर बसण्यासाठी ती घेऊ नका. तुमच्या घरात शिकणारं पोर असेल तर मुळीच नको.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या सांगतो. नुसतं 'रीइश्यू' लिहिलंय म्हणून सुटलात असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रीइश्यूंचीही पहिली बाजू चढीच आहे. युरोपात १९५९च्या रेकॉर्डिंगची हक्कांची मुदत संपली आहे, त्यामुळे तिकडे कुणीही छापतं, आणि अशा स्वस्त प्रती कुठल्या टेपवरून काढल्यात ते कव्हरवर नसतं. सोनी-कोलंबियाची १९९७ नंतरची घ्या आणि शक्य असेल तर दुकानातच तपासा. फोनवर ट्यूनर असतो. 'सो व्हॉट'चा बास सुरू झाला की काटा डी वर, म्हणजे पांढरी दोनवर, बसतोय का एवढं पाहायचं.

दुसरं, चढ्या बाजूवर मनापासून प्रेम करणारे लोक आहेत आणि ते बहिरे नाहीत. तीस वर्षं जगाने तेच ऐकलं, कित्येक वादक त्यावरच घडले, त्यांना दुरुस्त आवृत्ती किंचित सुस्त वाटते. मला ते समजतं, माझेही ओठ एकेकाळी तिथेच बसले होते. आणि नीट जपलेल्या जुन्या प्रतीत ट्रम्पेटचा जो भरीव, अंगाचा आवाज येतो तो काही नव्या प्रतींत पातळ होतो, हेही मान्य.

दादाची ती एलपी आता माझ्याकडे आहे. मी ती लावतो. माझ्या प्लेअरला वेग कमी-जास्त करायची पट्टी आहे. पहिल्या बाजूला ती टक्का-दीड टक्का मागे घेतो, पेटीवर पांढरी दोन जुळेपर्यंत, आणि बाजू उलटली की परत शून्यावर आणतो. तुमच्या प्लेअरला तशी सोय असेल आणि ती जुनी प्रत कुणी वाजवी भावात दिली, तर माझा नकार मागे. मागच्या दिवाळीत दादा आला होता तेव्हा त्याच्यासमोर पट्टी मागे-पुढे करून दोन्ही ऐकवलं. त्याने तिसऱ्यांदा स्वतः उठून पट्टी मागे घेतली.

मोनो-स्टीरिओचं राहिलंच. स्टीरिओ घ्या. दोन सॅक्सोफोन दोन बाजूंना आहेत, कोल्ट्रेन कुठे संपतो आणि कॅननबॉल कुठे सुरू होतो ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यामुळे लगेच कळतं.