कोथरूडच्या गच्चीत कोरियन फर?

प्रश्न : कोरियन फर या सूचिपर्णी झाडाच्या जांभळ्या शंकूंचे फोटो पाहून बिया मागवल्या. दोन महिने झाले, कुंडीत एकही उगवली नाही. बी खोटं असेल का? आमच्या गच्चीत हे झाड येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : बी खरं असतं तरी बहुधा हेच झालं असतं. फरच्या बीला आधी थंडी लागते. दमट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळून, पिशवीत बांधून, ३ ते ४ आठवडे फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवायचं, फ्रीझरमध्ये नव्हे. मगच पेरायचं. फरचं बरंचसं बी पोकळही निघतं. दोन-तीन बिया ब्लेडने कापून पाहा. आत पांढरा, भरीव गर हवा. नुसती चिकट राळ दिसली तर ते बी फुकट.

पण रोप उगवलं तरी पुण्यात जगणार नाही. हे झाड दक्षिण कोरियाच्या डोंगरमाथ्यांवरचं : जेजू बेटावरचा १,९४७ मीटर उंच हल्लासान, मुख्य भूमीवरचा जिरिसान. साधारण १,००० मीटरच्या वर, धुक्यात, आम्लधर्मी आणि निचऱ्याच्या जमिनीत ते वाढतं. मुळं उथळ. हिवाळ्यातला बर्फ हळूहळू वितळतो आणि वसंतात मुळांना ओल पुरवतो. अलीकडे बर्फ कमी पडतो, मुळं नेमकी वाढीच्या दिवसांत कोरडी पडतात आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. हल्लासानवर अशा पांढऱ्या पडलेल्या खोडांचे पट्टेच्या पट्टे आहेत. पाहून जीव तुटतो. १९२० मध्ये या जातीला शास्त्रीय नाव मिळालं, आज ती जागतिक स्तरावर धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

पुणे ५६० मीटरवर. एप्रिलात पारा चाळिशीला टेकला की कुंडीतली मुळं भाजतात, पावसाळ्यात कुजतात आणि कळ्यांना विश्रांती मिळेल इतकी थंडी इथे पडत नाही.

बाजारात ‘फरचा शंकू’ म्हणून अख्खा, वाळलेला शंकू मिळाला तर तो बहुतेक पाइनचा असतो. फरचे शंकू फांदीवर मेणबत्तीसारखे उभे असतात आणि पिकले की खवले झाडावरच गळून नुसती काडी उरते. आयुर्वेदातल्या तालीसादि चूर्णातलं तालीसपत्र म्हणजे याच कुळातल्या हिमालयी फरची पानं.

गच्चीसाठी अरौकारिया घ्या. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतो तोच. १२ इंची कुंडी, सकाळचं ऊन पुरे. दर आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवा, नाहीतर झाड एका बाजूला झुकतं. शेंडा मात्र कधीही खुडू नका. तो पुन्हा सरळ फुटत नाही.